चार फुटी स्केटबोर्ड रॅम्पवर रॉक टू फेकी: फसल्यावर पडावे कसे?

प्रश्न (जुळे सोलापूर)
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मित्राच्या बंद असलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आम्ही स्केटबोर्डिंगसाठी प्लायवूडचा चार फूट उंचीचा क्वार्टर पाइप (वर जाताना उभा होत जाणारा वक्र रॅम्प) उभा केला आहे. पंपिंग (अंग खाली-वर करून वेग घेणे) आणि किकटर्न (मागच्या चाकांवर वळणे) व्यवस्थित जमतात, ड्रॉप-इनही (माथ्यावरून बोर्डसह खाली उतरणे) बसू लागले आहे. आता रॉक टू फेकी (पुढची चाके रॅम्पच्या वरच्या कडेपलीकडे नेऊन, न वळता उलटे खाली येणे) आणि पुढे ॲक्सल स्टॉल (चाकांचे दोन्ही ॲक्सल त्या कडेवर टेकवून थांबणे) शिकायचे आहे. मात्र व्हिडिओंमध्ये ट्रिक कशी करावी हे दिसते, ती फसली तर अंगाचे काय करावे हे फारसे कोणी सांगत नाही. हेल्मेट दुचाकीचेच वापरतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
दुचाकीचे हेल्मेट आधी बाजूला ठेवावे. ते जड असते, मानेवर ताण येतो आणि कडेचे नीट दिसत नाही. डोक्याचा मागचा भाग खालपर्यंत झाकणारे, एएसटीएम एफ १४९२ किंवा ईएन १०७८ हे मानक छापलेले हेल्मेट घ्यावे.

नवीन ट्रिकच्या आधी नी-स्लाइड, म्हणजे पडताना गुडघ्यांवर घसरत येणे, अंगवळणी पडली पाहिजे. सुरुवातीला बोर्ड न घेताच रॅम्पवर धावत चढावे, वर वळावे आणि दोन्ही गुडघे एकदमच उतारावर टेकवून, नितंब टाचांकडे नेत, पाठ किंचित मागे झुकवून आणि हात छातीजवळ घेऊन नी-पॅडच्या कडक प्लास्टिकवर तळापर्यंत घसरत यावे. गुडघे उतारावरच टेकले पाहिजेत. सपाट जागेवर आदळले तर घसरण होत नाही, सगळा मार सांध्याला बसतो. खेळण्यांच्या दुकानातील पातळ पॅड पहिल्याच घसरणीत पिंढरीवर उतरतात, त्यांच्या भरवशावर राहू नये.

उत्तर २
वरील मताशी पूर्ण सहमत आहे. मात्र रॉक टू फेकीचा खरा धोका परतताना असतो. पुढचा ट्रक (चाके धरणारा धातूचा भाग) कोपिंगच्या, म्हणजे रॅम्पच्या वरच्या कडेवरील पाइपच्या, पलीकडे गेल्यावर, उतरताना पुढची चाके उचलायची राहिली, तर ती कोपिंगला अडकतात, बोर्ड वरच थांबतो आणि आपण पाठीवर पडतो. यालाच हँग-अप म्हणतात. अशा वेळी हात मागे टेकण्याची ऊर्मी होते आणि मनगट मोडते ते तेव्हाच, म्हणून रिस्ट गार्ड वापरावेत आणि हनुवटी छातीला लावून अंग गोल करण्याचा सराव गादीवर करावा. भार मागच्या पायावर घेत पुढचा पाय हलका केला, की चाके आपसूक सुटतात. घाबरून मध्येच निर्णय बदलणारा हमखास अडकतो, हे माझे निरीक्षण आहे. फेकीत, म्हणजे उलट्या दिशेने, उतरण्याची सवय आधी कोपिंगच्या बरीच खाली करून घ्यावी. ॲक्सल स्टॉलची घाई करू नये.

उत्तर ३
रॅम्पचीही तपासणी करावी. कोपिंगचा पाइप सुमारे एक सेंटिमीटरच बाहेर असावा. जास्त असला तर हँग-अप वाढतात. प्लायच्या सांध्यावर वर आलेल्या स्क्रूच्या डोक्यावर नी-पॅड अडकला तर घसरण जागीच थांबते, म्हणून रोज तळहात फिरवून पाहावे. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताची तूस आणि तेलाचे डाग राहतात. चाके त्यावरून सटकतात, तेव्हा झाडून आणि पुसून मगच सुरुवात करावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना पत्र्याखाली दुपारी सराव करूच नये. घामाने पॅड सरकतात आणि दमल्यावर पायांचा अंदाज चुकतो, त्यामुळे सकाळी आठच्या आत आटोपते घ्यावे.