पिकअपचा मागचा रेशो बदलावा का? माझं मत, घाटात लोड ओढणाऱ्यानं बदलावाच

काटोल_छिंदवाडा_लाइन
मंडळी, टायर, पाटे, क्लच यावर सल्ला द्यायला चहाच्या टपरीवर दहा जण तयार असतात पण मागच्या हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचं, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं फिरणं मागच्या चाकांना देणाऱ्या दातेरी जोडीचं, नाव काढलं की सगळे म्हणतात हात नको लावू भाऊ, कंपनीनं विचार करूनच दिलं. दिलं ना, पण कंपनीनं अख्ख्या देशाचा विचार करून दिलं, माझ्या रोडचा नाही. संत्र्याच्या सीझनमध्ये गाडी काटोल ते नागपूरचं कळमना मार्केट अशी चालते, तिथं काहीच तक्रार नाही. बाकी वर्षभर मात्र सावनेर-सौंसरवरून छिंदवाडा, आणि मधात सिल्लेवानीचा घाट. समोर ट्रक थांबला की चढावर आपल्यालाही थांबावं लागते, मग पहिल्या गिअरमध्ये उचलताना क्लच अर्धवट धरून ठेवा, केबिनमध्ये जळका वास सुटते. हे रोजचं आहे.

हिशोब सोपा आहे. क्राऊनला 41 दाते आणि पिनियनला 11, म्हणजे रेशो 3.73, चाक एकदा फिरायला शाफ्ट 3.73 वेळा फिरते. त्याच्या जागी 43-10 ची जोडी बसवली की 4.30. चाकावर प्रत्येक गिअरमध्ये 15 टक्के जोर जास्त, इंजिनला हात न लावता. ज्याचा रोड चढाचा आहे त्यानं हे करावं असं माझं ठाम मत आहे.

वाडी_ट्रान्सपोर्ट
मी पूर्ण विरोधात. रेशो बदलून राहिले ते नव्वद टक्के लोक ओव्हरलोडसाठीच बदलतात, खरं बोला. ओढायची ताकद वाढली म्हणजे गाडीची ताकद वाढली असं नाही, ब्रेक तेच, पाटे तेच, अॅक्सल तेच, आरसीवरचं वजन तेच. पकडले तर 20 हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार, तिथं रेशो कोणी विचारत नाही. आणि घाटात जोर पाहिजे तर गिअरबॉक्स कशासाठी दिला? तिसऱ्यात दमली तर दुसरा टाका. रेशो बदलल्यानं दोन गिअरमधलं अंतर काही कमी होत नाही, सगळीच शिडी खाली सरकते बस.

काटोल_छिंदवाडा_लाइन
दादा, माझा लोड पासिंगमध्ये असते, काटा पावती दाखवू शकतो. आणि दुसरा टाका हे चालत्या गाडीला ठीक आहे. उभ्या चढावर थांबलेल्या गाडीला पहिल्याच्या खाली कोणता गिअर आहे सांगा? तिथं सगळा भार क्लच प्लेटवर येतो.
दुसरी गोष्ट उताराची, ती तर तुम्ही सोडूनच दिली. त्याच गिअरमध्ये त्याच स्पीडला इंजिन 15 टक्के जास्त फिरते आणि चाकाला धरून ठेवते तेही जास्त. माल भरून घाट उतरताना ब्रेक कमी दाबावा लागला तर ड्रम कमी तापतील, हे काय ओव्हरलोडवाल्याचं बोलणं आहे काय?

समृद्धी_नाइट
भाऊ तुमचा रोड तुमच्या जागी, पण "बदलावाच" असं लिहाल तर नवे पोरं वाचून हाऊसिंग खोलून बसतील. माझी गाडी बुटीबोरीतून माल घेऊन समृद्धीवर जाते. मालगाडीला 80 ची मर्यादा आणि आम्ही तासन् तास त्याच स्पीडला. 215/75 आर15 टायर 80 च्या स्पीडला मिनिटाला साधारण 600 वेळा फिरते. डायरेक्ट गिअरमध्ये (इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात तो) 3.73 ला इंजिन 2,250 च्या आसपास, 4.30 ला 2,600. हा 350 आरपीएमचा फरक रात्रभर डिझेल पिते आणि डोकं उठते ते वेगळं. मी तर म्हणतो आम्हाला उलट 3.5 पाहिजे. यूट्यूबवर 3.55 काढून 4.10 टाकणारे व्हिडिओ पाहून इथं बोलू नका, ते अमेरिकेतले मोठे पेट्रोल इंजिनवाले, मागे ट्रेलर ओढतात, त्यांना तर गाडी घेतानाच दोन-तीन रेशोतून निवडता येते.

डिफ_मिस्त्री_कामठी_रोड
रेशो कोणता यावर तुम्ही भांडा, मी बसवण्याबद्दल बोलतो कारण खराबी तिथंच होते. क्राऊन आणि पिनियन ही घासून जुळवलेली जोडी असते, एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन बसवला की थोड्याच दिवसात रडायला लागते. बरेच जण जुनी जोडी आणतात, शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) जुन्याच टाकतात, हातानं क्राऊन हलवून पाहतात आणि म्हणतात ठीक आहे. हे ठीक नाही! बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, डायल गेजनं पाहायचा असते, साधारण 0.15 ते 0.25 मि.मी.च्या मधात, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये. मग दात्यांना मार्किंगचा रंग लावून क्राऊन फिरवायचा आणि ठसा कुठं पडला ते पाहायचं. दात्याच्या मधात पडला तर बरं, एका टोकाला सरकला असेल तर पुन्हा खोला, शिम बदला, पुन्हा बांधा. पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे आवळलेला ताण, तोही मोजून. यात अख्खा दिवस जाते, दोन तासात करून देतो म्हणणाऱ्याकडं गाडी टाकू नका.
नवी जोडी बसल्यावर पहिले पाच-सातशे किलोमीटर हलका लोड, मधात गाडी थंड होऊ द्या, मग ऑइल बदला. ऑइल जीएल-5 ग्रेडचं गिअर ऑइलच. आपल्या मे महिन्याच्या 45 डिग्रीत हलकं ऑइल टाकून नवी जोडी घाटात जुंपली तर दाते निळे पडतात.
आणि एक, फोर बाय फोर असेल तर पुढचा रेशोही बदलावा लागते, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी ट्रान्सफर केस तुटू शकते.

सावनेरचा_पिकअप
मी 4.30 टाकला. घाटात फरक आहे, मोठा फरक आहे. आणि मायलेज कमी होते हे सगळं ऐकीव, माझं पहिलेही 13 होतं आताही 13 आहे.

हिंगणा_एमआयडीसी
तुमचा स्पीड सेन्सर गिअरबॉक्सवर आहे का ते पाहा आधी. असेल तर मीटर आता प्रोपेलर शाफ्टच्या फिरण्यावरून किलोमीटर मोजते, आणि शाफ्ट 15 टक्के जास्त फिरून राहिला. म्हणजे गाडी 100 किलोमीटर चालली की मीटर 115 दाखवते. तुमचे 13 खरे 11.3 आहेत. स्पीडही खोटी, 80 दिसते तेव्हा गाडी 70 ला आहे. जीपीएस लावून नागपूर-सावनेर मोजा, लगेच कळेल. गाडी विकताना ओडोमीटरवर फुकटचे किलोमीटर चढलेले दिसतील ते वेगळंच.

सावनेरचा_पिकअप
सेन्सर गिअरबॉक्सवरच आहे. म्हणजे डिझेल जास्त लागून राहिलं, मान्य. तरी मी परत 3.73 टाकणार नाही, क्लच प्लेट आणि ब्रेक लायनरचा खर्च त्यात धरा ना तुम्ही. डिझेलवरच सगळा हिशोब थांबवता.

वाडी_ट्रान्सपोर्ट
उताराचा मुद्दा मला पटला, तो मी धरला नव्हता. पण काटोलवाले भाऊ, हाऊसिंग खोलायच्या आधी मागचे टायर मोजा. बरेच जण लोडसाठी मोठे टायर टाकतात, टायरची गोलाई 6 टक्के वाढली की तुमचा 3.73 हा 3.52 सारखा वागते, मग घाटात दम लागते आणि दोष रेशोला. मापाचा टायर टाकून घाट चढून पाहा, तेवढ्यात काम झालं तर क्राऊनचा खर्च वाचला. आणि बदलायचाच असेल तर एकदम 4.30 कशाला, 41-10 ची जोडी मिळत असेल तर 4.10 वर थांबा. अर्ध वर्ष तुम्ही कळमन्याच्या सपाट रोडवरच असता.

काटोल_छिंदवाडा_लाइन
टायर कंपनी मापाचेच आहेत. 4.10 वर विचार करतो, पण त्यात जोर 10 टक्केच वाढते आणि हाऊसिंग खोलायची मजुरी तेवढीच लागते. मिस्त्रीभाऊ, 41-10 ची नवी जोडी नागपुरात मिळते का, की बाहेरून मागवावी लागेल?