इंग्रजी वाक्यात पार्टिसिपलचा कर्ता चुकला, तर गुण कापावेत का?

धागाकर्ती: ‘बीइंग अ हॉट डे, आय स्टेड इन्साइड.’ अशा वाक्याचे गुण कापावेत, असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीच्या पार्टिसिपल फ्रेजला, म्हणजे ‘बीइंग’सारख्या क्रियापदाच्या रूपाच्या शब्दसमूहाला, स्वतःचा कर्ता नसतो; स्वल्पविरामानंतरच्या मुख्य वाक्याचा कर्ता तिला लागू होतो. म्हणजे इथे ‘आय’ हाच उकाड्याचा दिवस ठरतो. ‘इट बीइंग अ हॉट डे’ लिहिलं की फ्रेजला आपला कर्ता मिळतो, ती अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे स्वतंत्र होते आणि वाक्य शुद्ध होतं.

ही चूक आपल्याकडून का होते, तेही उघड आहे. ‘रस्त्यानं चालताना झाडं सुंदर दिसत होती’ हे मराठीत निर्दोष आहे, कारण ‘-ताना’ला वेगळा कर्ता चालतो. तेच इंग्रजीत ‘वॉकिंग डाउन द रोड, द ट्रीज लुक्ड ब्यूटिफुल’ असं उतरवलं, तर चालणारी झाडंच.

अनुवादक: सरसकट गुण कापायला माझा विरोध आहे. झाडं चालत होती असं कोणता वाचक समजेल? हॅम्लेटमधलं भूत म्हणतं, ‘स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी.’ साप झोपला होता असं कुणालाही वाटत नाही. ‘जनरली स्पीकिंग’ला तर कर्ता कुणी विचारतही नाही.

धागाकर्ती: ‘जनरली स्पीकिंग’ रूढ झालंय, ते सोडते. पण ‘हॅविंग रिझाइन्ड, द मॅनेजर गेव्ह हिम अ लेटर’ हे घ्या. लिहिणाऱ्याला ‘हिम’चा राजीनामा म्हणायचाय, वाक्य मॅनेजरचा सांगतं, आणि दोन्ही शक्य आहेत. इथे वाचकानं कशाच्या आधारावर ओळखायचं?

अनुवादक: इथे कापा. जिथे अर्थ फसतो तिथेच कापा, एवढंच माझं म्हणणं.

संशोधक: मग ‘यूझिंग अ मायक्रोस्कोप, द सेल्स वेअर काउंटेड’चं काय? अर्थ फसत नाही, तरी मी ते ‘वी काउंटेड द सेल्स’ असं बदलतो. कर्मणी प्रयोगात मोजणारा गायब होतो, तोच खरा घोटाळा.

शिक्षिका: मी धागाकर्तीच्या बाजूनं. अर्थावर सोडलं की मुलं प्रत्येक वाक्याला ‘कळतंय की’ म्हणतात. कर्ता तपासायची सवय लागत नाही. मात्र अ‍ॅब्सोल्यूटचा उपाय जपून सांगा. मुलं ‘द रेन हॅड स्टॉप्ड, वी लेफ्ट’ लिहितात. तिथे पूर्ण क्रियापद आल्यामुळे दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली जातात. ‘हॅड’च्या जागी ‘हॅविंग’ हवं. आणि रोजच्या लेखनात तेही जड वाटतं. ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट’ लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देते.