टॅबवर हिरवं येतंय, मन मानत नाही

डिचोलीची_ताई
डिचोलीत एका संस्थेसाठी वस्त्यांमध्ये फिरते, सहा वर्षं झाली. जूनपासून हातात टॅब दिलाय. घरातल्या मुलांना धोका आहे का यावर घरभेटीत बत्तीस प्रश्न, हो किंवा नाही, आणि शेवटी आपोआप रंग. लाल आला तर त्याच दिवशी वरिष्ठांना फोन. हिरवा आला तर तीन महिन्यांनी पुन्हा भेट.

गेल्या आठवड्यात भाड्याच्या खोल्यांत गेले होते (तपशील थोडे बदललेत). आईला फक्त कन्नड येतं. माझं कन्नड 'ऊट आयता'पुरतं. नऊ वर्षांची मुलगी मराठी शाळेत जाते, तीच दुभाषी झाली. "घरात मुलांना मारहाण होते का?" मी मुलीला विचारलं, तिनं आईला. आई बरंच काही बोलली. मुलगी मला म्हणाली, "नाही म्हणते." मी 'नाही'वर बोट ठेवलं. स्कूटर सुरू करताना लक्षात आलं की मी हे कुणाला विचारायला लावलं!

रंग हिरवा. पोरगी सारखी दाराकडे बघत होती. सकाळी साडेअकराला अंगावर शाळेचा गणवेश, म्हणजे शाळेत गेलीच नव्हती. हे भरायला टॅबमध्ये रकाना नाही, रंगही बदलता येत नाही. तुम्ही काय करता?

म्हापशाचे_काका
बाय, दुभाष्याचं तुझं तुला कळलंय, त्यावर बोलत नाही. मी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून निवृत्त झालो. बाल न्याय कायदा २०१५ चा. त्यात टॅबच्या रंगाला काही स्थान नाही. बालकल्याण समितीपुढे जातो तो सामाजिक तपासणी अहवाल, आपला फॉर्म २२. तिथल्या बाई मला एकच विचारायच्या, "तुम्ही स्वतः काय पाहिलंत?" म्हणून साधी वही ठेव. तारीख, वेळ, गणवेश, दार. 'दाराकडे बघत होती' असं लिही. 'घाबरलेली वाटली' हा तुझा अंदाज झाला, तो वेगळ्या ओळीत. आणि संशय पक्का असेल तर रंगाची वाट बघू नकोस, मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर रात्रीही चालू असतो.

पर्वरीचा_कोडवाला
असली ॲप्स आम्ही बनवतो, म्हणून सांगतो: आत बहुधा हो-नाही उत्तरांची नुसती बेरीज असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेघेनी काउंटीत २०१६ पासून खरोखरचं भाकीत करणारं साधन आहे. तक्रारीचा फोन आला की सरकारी नोंदी चाळून १ ते २० गुण देतं, तेही चौकशीला माणूस पाठवायचा का, एवढ्यासाठी. वरिष्ठांना ते डावलता येतं. टीका अशी की जो सरकारी मदत घेतो त्याच्याच नोंदी सापडतात, खासगी डॉक्टरकडे जाणारा दिसतच नाही. ऑरेगनने स्वतःचं तसं साधन २०२२ मध्ये बंद केलं. आपल्याकडे उलट. काल ट्रकातून उतरलेल्या कुटुंबाची कुठेच नोंद नाही, म्हणून तसल्या साधनातही ते हिरवंच येईल. 'रंगाशी असहमत, कारण...' असा रकाना मागा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, कोणी नाही म्हणालं तर माझ्याकडे पाठवा.

सत्तरीची_सेविका
मी टॅब पिशवीतून काढतच नाही. आधी चहा, गप्पा. भरते बाहेर येऊन. तसंही आमच्याकडे रेंज वाळपईला पोचल्यावरच. ताई, दुभाषी म्हणून शेजारीण नेऊ नका, संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळेल. शाळेत बाईंकडे हजेरीपट बघा, ते आधी. आणि मुलीचा फोटो ग्रुपवर टाकू नका, आमच्याकडे एकीनं टाकला होता.

डिचोलीची_ताई
सगळ्यांचे आभार. हजेरीपट बघितला, जुलैत अकरा दिवस गैरहजर. वास्कोत काम करणारी आमची एक जण कन्नड बोलते, तिला घेऊन सोमवारी पुन्हा गेले. मुलीला बाहेर खेळायला पाठवलं. त्या दिवशी आईनं दिलेलं उत्तर 'नाही' नव्हतंच. मुलीनं मला 'नाही' सांगितलं होतं.

पुढचं इथे लिहीत नाही. काकांनी सांगितलं तसं, पाहिलं ते सगळं कागदावर लिहून दिलंय. टॅबवर ते घर अजून हिरवंच आहे. पुढची भेट ऑक्टोबरात दाखवतो.

म्हापशाचे_काका
दाखवू दे. मुलगी शाळेत जायला लागली की कळव.