पाच आठवडे हातात होते, मी गप्प बसलो. दोष कोणाचा?

साखळीचा गॅरेजवाला (धागाकर्ता):
लोहखनिजाची खाण बंद पडली की गोव्यात आमच्या डिचोली तालुक्यात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: कोर्टानं पोटावर पाय दिला. मीही तेच बोलत आलो. पण सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१८ला गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा १५ मार्चपर्यंत काम चालू ठेवायची मुभा दिली होती. म्हणजे पाच आठवडे. माझं टिपर (खनिज वाहणारे ट्रक) दुरुस्तीचं गॅरेज, ११ माणसं, गिऱ्हाईक सगळं खाणीवरचं. त्या पाच आठवड्यांत मी माणसांना एका शब्दानं काही सांगितलं नाही. उलट सुट्या भागांचा नवा माल उचलला.

बायकोचे दागिने गहाण टाकून नोव्हेंबरपर्यंत पगार दिले, मग अर्धे, मग तेही नाहीत. मार्च २०१९ मध्ये शटर ओढलं तेव्हा दहा जणांचे पैसे थकलेले होते. खाण कोर्टानं बंद केली, पगार मी थकवले. घ्यायचा राहिलेला निर्णयसुद्धा मालकाच्याच खात्यावर मांडला पाहिजे, असं मला आता वाटतं. पटत नसेल तर सांगा.

कुडचडेकर:
नाही पटत, भाऊ. २०१२ आठवा. सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात कोर्टानं. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, आणि खाणीतून नवं खनिज निघायला २०१५ उजाडलं. तेवढ्यात घाबरून टिपर मिळेल त्या भावाला विकणारे माझ्या वाड्यावरच होते. ज्यांनी कळ काढली ते परत उभे राहिले. २०१८ मध्ये तुम्ही त्याच अनुभवावर थांबलात. पुढचं कळल्यावर मागच्याला नावं ठेवू नका.

आणि गावात माणूस कामावरून काढणं म्हणजे काय, हे शहरातल्यांना कळणार नाही. चतुर्थीला ज्याच्या घरी आरतीला उभं राहायचं, त्याला आदल्या महिन्यात ‘उद्यापासून येऊ नको’ कसं सांगणार?

फोंड्याचा हिशेबनीस:
कुडचडेकर, कळ काढावी, पण स्वतःच्या पैशावर. इथं ती कामगारांच्या पैशावर काढली गेली.

दहा किंवा जास्त माणसं असली की तेव्हा १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा लागायचा, म्हणजे नोकरी सुटताना मालकानं एकरकमी पैसे द्यायचे. पाच वर्षं भरलेल्या माणसाचा शेवटचा पगार २६नं भागायचा, १५नं गुणायचा, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचा. १३,००० पगार आणि ९ वर्षं म्हणजे ६७,५०० रुपये. हे पैसे त्यानं आधीच कमावलेले असतात. धागाकर्त्यांनी ते बाजूला ठेवले होते का? आणि शटर ओढताना दहाच जण होते, तर अकरावा कुठे गेला?

साखळीचा गॅरेजवाला:
बाजूला काही ठेवलं नव्हतं.

अकरावा माझा सगळ्यात जुना मिस्त्री. ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या तोंडावर, त्याला थांबवलं, कारण त्याचा पगार सगळ्यात जास्त होता. तेच काम करणारा, दोन वर्षांपूर्वी आलेला माझा भाचा राहिला. हे लिहायचं मी वर टाळलं.

हिशेबनीस:
१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातला नियम उलटा होता. एकाच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, आणि तो क्रम मोडायचा तर मालकानं कारण लिहून ठेवायचं. तुम्ही थांबून राहिलात हे मी एकवेळ समजून घेईन, हे नाही.

टिपरवरचा माजी ड्रायव्हर:
मी दुसऱ्या मालकाकडे होतो. मला कारकुनाचा फोन आला, ‘सोमवारपासून गाडी काढू नको.’ मालक पुढे सहा महिने समोरून आला की रस्ता बदलायचा. त्यानं फेब्रुवारीतच सांगितलं असतं तर मी तेव्हाच वास्कोला जाऊन गाडी शोधली असती. एप्रिलात गेलो तर माझ्यासारखेच सगळे तिथं उभे. कुडचडेकर, आरतीच्या वेळी तोंड कसं दाखवायचं हा मालकाचा प्रश्न झाला. आमच्या घरी त्या वर्षी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान उधारीवर आलं.

कुडचडेकर:
तुमचं दुःख खरं आहे, बाब. आधी सांगायला हवं होतं, हे मानतो. पण सांगणं वेगळं आणि काढणं वेगळं. ‘खाण सुरू होईल की नाही ठाऊक नाही, ज्याला दुसरं काम मिळेल त्यानं जावं’ एवढं बोलून गॅरेज चालू ठेवता आलं असतं. त्याला मी अजूनही चूक म्हणणार नाही.

साखळीचा गॅरेजवाला:
तेवढंच वाक्य मला बोलता आलं नाही. सगळे एकदम निघून जातील याची भीती होती. दहापैकी सहा जणांचे थकलेले पगार आतापर्यंत चुकते केले. चौघांचे बाकी आहेत. मिस्त्रीला अजून भेटलेलो नाही.

हिशेबनीस:
चुकते केले त्यात ग्रॅच्युइटी धरली आहे का?

साखळीचा गॅरेजवाला:
नाही. मिस्त्रीची चौदा वर्षं होती. आधी त्याच्या घरी जातो, मग रविवारी हजेरीची वही घेऊन फोंड्याला तुमच्याकडे येतो.