मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान: जाताना साडेसहा तास, येताना चोवीस?

मिरज_जंक्शन: आई-बाबांना जूनमध्ये न्यूयॉर्कला पाठवायचंय. तिकिटावर मुंबईहून १५ तारखेला ०१:३० ला सुटणार, त्याच दिवशी ०८:०० ला पोचणार. परतीचं दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत. अंतर दोन्हीकडून १२,५४० किमीच. नक्की वेळ किती? आणि सांगलीतून गाडी कधी काढावी?

पेठनाका: वेळा त्या त्या गावच्या असतात हो. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. जाताना दिसणाऱ्या साडेसहात साडेनऊ मिळवा: १६ तास. येताना चोवीसातून साडेनऊ वजा: साडेचौदा. हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हा साडेदहा धरा.

उंचावरून: उरलेला दीड तास वाऱ्याचा. ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधी ताशी २०० किमीच्या पुढे. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. हिवाळ्यात फरक आणखी वाढतो.

१२,५४० हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून ते मिळणार नाही. ती रेषा मुंबईतून उत्तर-वायव्येला निघून जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि मग खाली वळते. प्रत्यक्षात विमान तंतोतंत तिच्यावरून जात नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तसं काही झालं की वळसा आलाच. म्हणून किलोमीटरला ताशी ९०० ने भागून काढलेला आकडा कमीच येतो. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची, धावपट्टीवरची रांग त्यातच.

कृष्णाकाठ: मिरजकर, खरी चूक तारखेत होते. १५ तारखेचं ०१:३० म्हणजे १४ च्या मध्यरात्रीनंतर. १५ च्या दुपारी गाडी काढलीत तर विमान केव्हाच गेलेलं.

रात्री दहाला सहार टर्मिनल दोनला पोचायचं धरा. पेठनाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे बायपास, एक्सप्रेसवे असं जवळपास ३८० किमी. गाडी नीट चालली तर जेवणासकट आठ तास. नवले पूल आणि बोरघाट यांसाठी दोन तास वेगळे ठेवा, जूनचा पाऊस आहे. म्हणजे १४ ला दुपारी बारा. शनिवार-रविवार असेल तर अकरा.

कोल्हापूरहून मुंबईला विमानाने जायचं असेल तर एकाच बुकिंगमध्ये घ्या. वेगळं काढलं आणि ते लेट झालं, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. देशांतर्गत सामानाची मर्यादाही बहुधा १५ किलो, तुमच्या बॅगा २३ च्या.

पेठनाका: आई-बाबांची व्हीलचेअर तिकिटातच नोंदवा. ऐनवेळी काउंटरवर मागितली की ताटकळत बसावं लागतं.

मिरज_जंक्शन: चौदाला अकराला निघतो, शनिवार आहे.