राणीच्या बागेत पेंग्विन आले कुठून? आणि बाकीचे दुर्मिळ प्राणी?

चिंचपोकळीकर

रविवारी भाचीला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. पेंग्विनच्या काचेपुढे नंबर लागेपर्यंत तिचे तीन प्रश्न विचारून झाले: हे बर्फातून आणले का, कितीला मिळतात, आणि यांची आई कुठे आहे? पहिल्याचं उत्तर येत होतं. हम्बोल्ट पेंग्विन हे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. उरलेले दोन मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणून टोलवले, आणि आता घरी आलेय. जगातच कमी उरलेला प्राणी एखादी महापालिका मिळवते कशी? टेंडर काढून? हसू नका.

ढापणे

हसलो नाही, कारण पेंग्विन ठेकेदारामार्फतच आले होते. जुलै २०१६ मध्ये सोलच्या एका मत्स्यालयातून आठ जण विमानाने उतरले. ऑक्टोबरात त्यातली एक मादी गेली आणि मग महापालिकेत कोण कुणावर किती ओरडलं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंच आहे.

आवक-जावक

पेंग्विनांचं ते खरं, पण रोजचा मामला वेगळा असतो. मी एका प्राणीसंग्रहालयात बावीस वर्षं कारकून होतो. गाव विचारू नका, पेन्शन तिथूनच येते.

'कितीला मिळतात' याचं उत्तर: चार चितळांना. थट्टा नाही. सेंट्रल झू ऑथॉरिटी, म्हणजे प्राणीसंग्रहालयांवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था, १९९२ साली आली. तिच्या परवानगीशिवाय वाघ-अस्वलासारखा प्राणी ना घेता येतो ना देता येतो, आणि घ्यायचा तो दुसऱ्या मान्यताप्राप्त संग्रहालयाकडूनच. त्यामुळे चालते ती अदलाबदल. चितळं कुंपणात भराभर वाढतात, म्हणजे ती आमच्या खिशातली चिल्लर. ज्याच्याकडे वाघ जास्त, तो श्रीमंत. संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान त्यातलं. राणीच्या बागेतली शक्ती-करिश्मा ही वाघांची जोडी फेब्रुवारी २०२० मध्ये तिथूनच आली.

मी स्वतः एकदा चार चितळांच्या बदल्यात परराज्यातून अस्वलाची मादी आणायला गेलो होतो. सोबत डॉक्टर, राखणदार आणि माझ्या मांडीवर फाइल. तिला दोन आठवडे क्रेटमध्येच जेवण देऊन सवय लावलेली, त्यामुळे ती गूळ-भाकरीच्या वासाने आपसूक आत शिरली. तिच्या जुन्या राखणदाराने अर्धं पोतं तिच्याच खोलीतलं गवत आत टाकलं. वास ओळखीचा असला की धडका मारत नाही, म्हणाला. उन्हाचे दिवस, म्हणून रात्री निघायचं ठरलं होतं. आणि तिथेच अडलं. मानेतल्या मायक्रोचिपचा नंबर यंत्रावर एक दिसत होता, कागदावर दुसरा. टायपिंगची चूक, शेवटचे दोन आकडे उलटे. पण डॉक्टर हटेनात, आणि बरोबरच होतं त्यांचं. पाच तास फोनाफोनी, अस्वल क्रेटमध्ये घोरतंय, मी बाहेर डास मारतोय.

तुम्हाला वाटेल दोन आकड्यांसाठी एवढं कशाला? कारण त्या नंबराशीच तिचे आई-बाप जोडलेले असतात. आमच्या नोंदवहीत आईचा आणि बापाचा असे दोन रकाने होते, मी आधी तेच बघायचो. तुमची भाची कारकून व्हायच्या लायकीची आहे.

आई माहीत नसेल, तर एक शक्यता अशी की प्राणी जंगलातून धरलाय. परदेशी व्यापारात हाच खेळ चालतो. सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात सगळ्यांत धोक्यातल्या जाती पहिल्या परिशिष्टात आहेत, हम्बोल्ट पेंग्विनसुद्धा. परवान्यावर एक अक्षर असतं: 'डब्ल्यू' म्हणजे जंगलातला, 'सी' म्हणजे बंदिवासात पैदास केलेला. पिल्लू जंगलातून उचलायचं आणि कागदावर 'सी' लिहायचं, की वाट मोकळी. ओळखायचं कसं? एखाद्या प्रजनन केंद्रात माद्या दोन आणि निर्यातीला पिल्लं चाळीस, असलं गणित दिसलं की समजायचं.

वऱ्हाडी ठेचा

कारकूनसाहेब, एक रस्ता राहिला. जंगलातून सुटका केलेले. उसात सापडलेली बिबट्याची पिल्लं, माणसांवर जाऊ लागलेले वाघ, हे परत सोडता आले नाहीत की कुठल्यातरी पिंजऱ्याआड जातात. जुन्नरला माणिकडोह केंद्र त्यासाठीच आहे. आमच्या नागपूरच्या गोरेवाड्यातही आधी बचाव केंद्र होतं, सफारी २६ जानेवारी २०२१ ला उघडली. त्या वाघांच्या आईचा रकाना कोराच असणार की!

आवक-जावक

असणारच, आणि त्याला माझी हरकत नाही. तिथे कोऱ्या रकान्याशेजारी वन खात्याचा पंचनामा असतो. मला भीती भरलेल्या रकान्याची वाटते. पांढऱ्या वाघाचंच घ्या. रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये मोहन नावाचा बछडा पकडला. पुढे त्याचीच मुलगी राधा हिच्याशी त्याचा जोड लावला आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. म्हणजे बाप आणि आजोबा एकच! रकाने दोन्ही भरलेले, शाई सुंदर. लोक आजही त्या पिंजऱ्यापुढे सर्वांत जास्त वेळ उभे राहतात.

ढापणे

आणि भेट म्हणून येतात ते? दिल्लीचा शंकर हत्ती झिम्बाब्वेने दिलेला. जोडीदारीण गेल्यावर कित्येक वर्षं एकटाच होता, सप्टेंबर २०२५ मध्ये गेला. भेट देणाऱ्याला नंतर कोण विचारतं? नांदणीच्या माधुरी हत्तिणीचंही...

आवक-जावक

माधुरीवर वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर पेंग्विन बाजूला राहतील.

चिंचपोकळीकर

भाचीला वाचून दाखवलं. चार चितळांना एक अस्वल हे तिला अन्यायाचं वाटलं, चितळांच्या बाजूने. पण हट्ट तोच: पेंग्विनची आई. कुठे शोधू?

आवक-जावक

मुंबईत जन्मलेल्यांची सोपी आहे. १५ ऑगस्ट २०१८ चं पहिलं पिल्लू आठवड्याभरात गेलं, पण २०२१ मध्ये झालेली जगली. त्यांचे आई-बाप त्याच काचेआड आले होते.

सोलहून आलेल्यांसाठी महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. अर्जात 'आई' लिहू नका, 'माहिती उपलब्ध नाही' असं येईल. 'आयात परवान्याची प्रत, त्यावरील उगम-संकेत, आणि प्रत्येक पक्ष्याच्या मादी पालकाचा नोंदवही क्रमांक' असं लिहा. उगम-संकेत म्हणजे वर सांगितलेलं 'डब्ल्यू' की 'सी' ते अक्षर. खाली सही तुमची करा, भाची लहान आहे.