चाळिशीतली सोळा वर्षांची पोरं : 'वेट हॉट अमेरिकन समर' पाहण्याचे तुमचे अनुभव

धागा काढायला निमित्त असं काही नाही. 'वेट हॉट अमेरिकन समर' या विनोदी सिनेमावरून निघालेली 'फर्स्ट डे ऑफ कॅम्प' ही मालिका तिसऱ्यांदा संपवली, घरात एकटाच खिदळत होतो, बायकोने दार लावून घेतलं. म्हटलं, समदुःखी शोधावेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेव्हिड वेन आणि मायकेल शोवॉल्टर यांनी 2001 साली मेन राज्यातल्या एका समर कॅम्पवर सिनेमा काढला. कॅम्पचा शेवटचा दिवस, ऑगस्ट 1981. खर्च सुमारे 18 लाख डॉलर, गल्ला 3 लाखांच्या आत. साफ आपटला. समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी 1 तारा दिला, वर अख्खं परीक्षण एका जुन्या गमतीच्या कॅम्पगीताच्या चालीवर रचून टर उडवली. पुढे डीव्हीडी आणि रात्री उशिराच्या खेळांनी तो जगवला, आणि 31 जुलै 2015ला नेटफ्लिक्सवर 8 भागांची मालिका होऊन परत आला. नट तेच. गोष्ट मात्र त्याच उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसाची! म्हणजे चौदा-पंधरा वर्षांनी थोराड झालेली माणसं आता पडद्यावर सिनेमातल्यापेक्षा दोनेक महिन्यांनी लहान.

कुठे पाहिलीत, कोणाबरोबर पाहिलीत, हसलात का? येऊ द्या.

कोकमसरबत (न्यू जर्सी)

माझ्या वाट्याला हे प्रकरण लेकामुळे आलं. तो पेनसिल्व्हेनियातल्या एका कॅम्पवर काउन्सेलर, म्हणजे पोरं सांभाळणारा ताई-दादा, होता. त्याला सोडायला जाताना होन्सडेल लागलं, तर म्हणाला, "आई, तो सिनेमा इथे शूट केलाय, मेनमध्ये नाही." 28 दिवसांचं चित्रीकरण आणि त्यातले बहुतेक दिवस पाऊस! नीट बघा, कडक उन्हाळ्याच्या गोष्टीत नटांच्या तोंडातून वाफ येताना दिसते.

खरं सांगू, सिनेमा मला अर्धाच कळला. मे महिना म्हणजे आजोळ, आंबे आणि मावसभावंडांशी मारामाऱ्या. कॅम्प म्हणजे एनसीसीचा. तळ्याकाठच्या प्रेमप्रकरणांना मी कुठून हसणार? लेक लोळत होता, मी भाजी निवडत होते.

मालिकेत मात्र शोवॉल्टर स्वतःच केसांचा टोप घालून समोर आला आणि मी गवारीची परात बाजूला ठेवली. पोट सुटलेलं, टोप धड बसलेला नाही, आणि हा बाबा सोळा वर्षांचा म्हणून लाजतोय. हे मला लगेच कळलं, कारण आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या एकांकिकेत गेली कित्येक वर्षं एकच काका कॉलेजकुमार करतात. दरवर्षी केस कमी, औषधाच्या गोळ्या जास्त. आपल्या रंगभूमीला हे नवीन नाहीच म्हणा, बालगंधर्व उतारवयातही नायिका करत होते. पण तिथे लोक वय विसरून गाणं ऐकायचे. इथे एकदाही वय विसरू देत नाहीत आणि सगळी गंमत तिथेच आहे. मेकअपने सुरकुत्या झाकल्या असत्या तर मी गवारच निवडत बसले असते.

उलट्या_क्रमाने (पुणे)

जानेवारी 2016मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं. फुकटच्या महिन्यात दिसेल ते बघत सुटलो, त्यात ही मालिका आधी पाहिली आणि सिनेमा नंतर. असं करू नका. सिनेमात भाजीचा एक डबा बोलतो, तो का बोलतो हे कोणी सांगत नाही, यातच मजा. मालिकेत त्याची अख्खी जन्मकथा आहे. मला जन्मकथा आधी कळली, त्यामुळे डबा बोलला तेव्हा मी "हो, माहितीय" म्हणून चहा टाकायला उठलो.

कॉलशीट

मराठी मालिकांना सहायक दिग्दर्शक म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच. 2001मध्ये ब्रॅडली कूपर नवखा होता, हा त्याचा पहिला सिनेमा. 2015पर्यंत तो केवढा मोठा झाला! पॉल रड, एमी पोलर, एलिझाबेथ बँक्स, सगळेच. एवढ्यांच्या तारखा जुळवणाऱ्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार. कूपरने एकच दिवस दिला आणि त्याचं सगळं काम त्या एका दिवसात उरकलं. आमच्याकडे नट नाटकाच्या दौऱ्यावर गेला की पाठमोरा डमी उभा करतो आणि आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपली म्हणून चॅनेलच्या शिव्या खातो, ते आठवलं.

2017च्या पुढच्या मालिकेत, 'टेन इयर्स लेटर'मध्ये, तर कूपर नाहीच. त्याच्या जागी ॲडम स्कॉट, आणि खुलासा काय, तर याने नाकाचं ऑपरेशन करून घेतलंय! आपण 'यापुढे ही भूमिका अमुक साकारतील' अशी पट्टी टाकतो आणि मान खाली घालतो. त्यांनी त्या पट्टीचाच विनोद केला.

तिरकस

मला नाही आवडली. सिनेमा 97 मिनिटांचा, मालिका अर्ध्या-अर्ध्या तासाचे 8 भाग. वय झालेल्या माणसांनी पोरं व्हायचं हा विनोद दोन भाग पुरतो, मग ताकात पाणी. कोकमसरबतांचे काका वर्षातून एकदाच रंगमंचावर येतात, म्हणून चालतात.

चष्मा_लावून (ठाणे)

हे सगळं वाचून 'अशी ही बनवाबनवी'ची मालिका काढा म्हणणाऱ्यांची आठवण झाली. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी कोणीतरी हे म्हणतंच. सिनेमा 1988चा. चार मित्रांपैकी लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे दोघंही 2004मध्ये गेले. घरमालकाच्या भूमिकेतले सुधीर जोशी पुढच्याच वर्षी. टोप कोणाला घालणार?

2013मध्ये 'झपाटलेला 2' थ्रीडीत लागला तेव्हा मी लेकीला घेऊन गेलो होतो. तात्या विंचू तोच, आवाज दिलीप प्रभावळकरांचाच. बाहुल्याचं वय वीस वर्षांत एका दिवसानेही वाढलेलं नव्हतं. लेक किंचाळत होती, मजेत होती. मी बाहुला बघत होतो आणि त्याच्यासमोर जो घाबरायला हवा होता, तो नव्हता. अंधारात थ्रीडीचा चष्मा काढून पुसला. लेकीने विचारलं, "बाबा, काच खराब आहे का?" म्हटलं, हो.

आळशी_मांजर

आज रात्री लावतोय. आधी काय पाहू?

धागाकर्ता

सिनेमा. आणि डब्याबद्दल वर लिहिलेलं विसरून जा.